बाळकुमच्या कोळणीची पाठ

बाळकुमच्या त्या कोळणीने मला फसवले, आणि तिला वैद्यबुवांनी. हे आधीच सांगून टाकतो.

ठाण्याच्या बाजारात तुम्हीही तिला पाहिले असेल. गिऱ्हाईक टोपलीवर वाकले की ती सुक्या बोंबलांवर आडवा हात धरायची. "आधी भाव बोल, मंग वास घे." सुक्या मासळीचे दुकान मी शून्यातून उभे केले, घासाघिशीत भल्याभल्यांना दमवले. पण तिच्यापुढे माझा आवाज चढला की ती म्हणायची, "शेट, पानी पी." आणि भाव तिचाच ठरायचा.

एका हिवाळ्यात ती पाठ धरून आली. "वैद्यानं सांगितलंय, पायालूचा पाय लावून घे." मी पायांकडून जन्मलेला. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, असे आपल्याकडे मानतात. मी तीनदा पाय लावला. तिसऱ्यांदा जरा जोरानेच. ती ओठ चावून म्हणाली, "बरा वाटला." खोटे होते ते. आडवे झाले की कळा वाढत, म्हणून ती बसूनच झोपत होती. हे मला पुढे तिच्या सुनेने सांगितले.

मग एका सकाळी तिच्यामागे दुकानात रक्ताची पावले उमटली.

"मावशे, रक्त."

"कोनाचा?"

कालवाच्या शिंपेने तिचा तळवा चिरला होता. तिला पत्ताच नव्हता.

मी तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि पायापासून वर टाचणी टोचत नेली. बरगड्यांपाशी ती म्हणाली, "आता टोचली." लघवी होते का, विचारल्यावर ती खाली बघत म्हणाली, "कालपास्नं नाय."

"अंगावर कुठे गाठ आहे?"

तिने पदर घट्ट धरला. "शेट, तू भायेर जा."

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. "छातीत जुनी गाठ आहे. तोच रोग कण्यात उतरलाय. पायांना बळ देणारी दोरी आत दाबली गेलीय. पाय आता जातील, ते परत येणार नाहीत."

"माझ्या पायाने झाले का?"

"रोग त्याआधीचा." एवढेच बोलले. नाही म्हणाले नाहीत.

मी बाळकुमला जात असे. ती पडल्या पडल्या माझी समजूत काढायची, "तुझा पाय हलका व्हता रे." एकदा म्हणाली, वैद्यबुवा त्या गाठीवर वर्षभर लेप देत होते. कोणाला सांगू नको, अशी तिनेच त्यांना शपथ घातली होती. होळीच्या आत ती गेली.

आधी कळले असते तरी ती वाचली नसती, हे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. पण कळांवर अफू वेळेत मिळाली असती, आणि त्या पाठीवर कोणी पाय ठेवला नसता. शपथ तोंडाला होती, डोक्याला नव्हती. वैद्यबुवा, गाठ तुम्ही पाहिली होती, पाठही तुम्हीच पाहिलीत. मग तिला माझ्याकडे का धाडलेत? चारचौघांत उत्तर द्या.