नाव शेजारच्याचं

चंद्रभान मार खाईल, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणार नाही, ही काळजी त्याच्या आईची, कमलबाईंची पाठ सोडत नव्हती. सातवीत असताना त्याने हेडमास्तरांचं गणित फळ्यावर दुरुस्त केलं होतं आणि हातावर वळ घेऊन घरी आला होता. आता सव्वीस वर्षांचा झाला. सेलूच्या एका कॉम्प्युटर केंद्रात नोकरीला होता.

चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला आणि गावोगाव दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. त्याच आठवड्यात केंद्रातलं मोठं मशीन तीनदा बंद पडलं. पडता पडता ते एक फाईल लिहून ठेवी, त्याला जोडलेल्या कोणत्या टर्मिनलवरच्या, म्हणजे कोणाच्या पडद्या-कीबोर्डवरच्या कामाने आपण पडलो याची. तिन्ही वेळा नाव आलं केंद्रातच कामाला असलेल्या, बौद्धवाड्यातल्या रंगनाथचं.

"मशीनला जात नसती. त्यानंच नाव घेतलंय," मालकाचा पुतण्या माणिकराव म्हणाला.

दार लावून माणिकरावसह चौघांनी रंगनाथला सळईने मारलं. उजव्या हाताची तीन बोटं मोडली. वर पोलिसांत तक्रार केली, की यानेच मशीन मुद्दाम पाडलं. पुरावा म्हणून ती फाईल दिली. प्लास्टरचा हात घेऊन रंगनाथ कोठडीत गेला.

चंद्रभानने मशीन चालवणाऱ्या सिस्टीमचा गाभा, तिचा मूळ प्रोग्रामच उघडून वाचला. गाभा टर्मिनलं शून्यापासून मोजत होता, फाईल लिहिणारा भाग मात्र एकपासून. म्हणून दोष एका टर्मिनलचा, नाव छापलं जायचं शेजारच्याचं. त्याने ती ओळ दुरुस्त केली आणि साठवलेल्या तिन्ही नोंदी पुन्हा छापल्या. तिन्हींवर माणिकराव. तो रंगनाथच्या शेजारच्या टर्मिनलवर गेम खेळत बसायचा.

"लय शिकलास का रं? त्यांचा जावई हायस का?" माणिकरावने कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. "कागद कोर्टात गेला, तर तुझ्या आईला सांग, पोरगं विहिरीत हुडकायचं."

चंद्रभान घरी आला तेव्हा दोन दात पडले होते, सदरा रक्ताने भिजला होता. सदऱ्याच्या आतून त्याने कागद काढले.

"आई, उद्या रंगनाथच्या जामिनाची तारीख हाय. हे परभणीला वकिलाकडं न्यायचेत."

"चुलीत घालते मी ते. आन तू गप पडून राहा."

"घाल. मी परत छापून आणतो."

परत म्हणजे त्याच खोलीत. चुलीकडे गेलेला हात कमलबाईंनी मागे घेतला, त्याच्या तोंडाला ओला पदर लावला आणि बाहेरून कडी घातली.

"आई! कडी काढ!"

कागद छातीशी धरून त्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाल्या. वकिलाला फोन आपणच करायचा. कागद कुणाकडे आहेत असं कुणी विचारलं, तर पोराचं नाही, आपलं नाव सांगायचं.