मॅच बसून बघायची

भावाची बदली भोपाळला झाली. आईला घेऊन आठवडाभरासाठी मी तिकडं निघाले. सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या आमच्या छोट्या विमानतळावरून मुंबईपर्यंत तासाभरात आलो आणि पुढच्या विमानाला चार तास होते. आईला भूक लागली होती.

मुंबईच्या टर्मिनलमध्ये आम्ही जरा फिरलो. एका ठिकाणी आई थांबली. आत अंधूक उजेड, भिंतीभर टीव्ही आणि प्रत्येक टीव्हीवर कुठला ना कुठला खेळ. बाहेर बोर्डावर बिअरच्या ग्लासचं चित्र होतं.

"हितं बसू," आई म्हणाली.

"आई, हा बार आहे."

"आसू दे की. पिणारे पितील, आपण जेवू."

दारात काळ्या कोटातली एक बाई उभी होती. तिनं आईच्या सुती लुगड्याकडं पाहिलं, मग प्लास्टिकच्या चपलांकडं पाहिलं, आणि गोड हसून मला म्हणाली, "मॅडम, फॅमिलीसाठी वरच्या मजल्यावर फूड कोर्ट आहे. तिथं इडली-डोसा मिळेल."

मी लगेच वळले. जिल्हा परिषदेत इतकी वर्षं नोकरी करून मला एवढंच नीट जमतं. कुणी हसून बाजूला हो म्हणालं की मी होते. आई मात्र हलली नाही.

"आमी इडली मागितली का?" तिनं विचारलं. "ती खुर्ची मोकळी हाय का न्हाय, तेवढं सांगा."

बाईनं मागं वळून खुर्चीकडं पाहिलं. आई आत गेली आणि सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोरच्या टेबलाशी जाऊन बसली. पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली मान घालून मागोमाग गेले.

त्या टीव्हीवर बायकांची क्रिकेटची मॅच चालू होती. आईची नजर तिथंच खिळली.

सोलापुरात एका खासगी दवाखान्यात आईनं सव्वीस वर्षं फरशा पुसल्या. क्रिकेटचं तिला वेड लागलं ते तिथल्या डॉक्टरांच्या खोलीच्या दारात. खोलीत टीव्ही होता, सोफा होता. आई हातात पोछा घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहायची आणि एखादं षटक पदरात पाडून घ्यायची. मग आतून कुणीतरी म्हणायचं, "मावशी, जिना राहिलाय." घरी येऊन ती आम्हाला स्कोअर सांगायची, तो नेहमी अर्धाच असायचा. शेवटी कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात बघायचं.

वेट्रेस आली. ती मराठीच निघाली, साताऱ्याकडची. आईनं तळलेलं चिकन मागवलं. आलं तेव्हा काटा-चमचा बाजूला सारला, हातानं खाल्लं, हाडंसुद्धा चोखली. "तिखट लई कमी हाय," म्हणाली. वेट्रेसनं आतून हिरव्या मिरच्या आणून दिल्या. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. आईनं बघू दिलं.

तेवढ्यात काउंटरवरून एका माणसानं हाक मारली. "अहो, ही मॅच कोण बघतंय? कालच्या मॅचचे हायलाइट्स लावा."

वेट्रेसनं रिमोट उचलला.

"मी बघतीया," आई म्हणाली.

तो माणूस हसला. "आजी, क्रिकेट कळतं तुम्हाला?"

"कळतंय की. फिरकी लावलीया आन् मिडविकेट मोकळं सोडलंय. आता ती पोरगी तितंच मारंल, बघा."

पुढच्याच चेंडूवर त्या पोरीचा त्रिफळा उडाला. तो माणूस खदाखदा हसला, सोबतचे दोघंही हसले.

"चूक तिची झाली," आई म्हणाली. "माझं बरोबरच होतं."

"बस झालं, बदला आता," तो वेट्रेसला म्हणाला.

मी उभी राहिले. "चॅनल बदलायचं नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "आम्ही इथं जेवतोय. मॅच संपेपर्यंत हेच राहील. तुम्हाला हायलाइट्स बघायचे असतील तर हातात फोन आहे."

तो काहीतरी पुटपुटला आणि पाठ फिरवून बसला. वेट्रेसनं रिमोट एप्रनच्या खिशात टाकला.

"बस की आता," आई म्हणाली. "मागच्यांना दिसंना."

शेवटच्या चेंडूपर्यंत आम्ही बसलो. आपला संघ हरला. आईनं दोन शिव्या दिल्या, हात धुतले आणि मग आम्ही गेटकडं निघालो.

भोपाळहून परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विमानात काय खायला दिलं म्हणून विचारलं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण आई आधीच बोलली. "इमानात काय न्हाय खाल्लं. बारमदी जेवलो आमी दोघी."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "चिकन चांगलं होतं."