मशीनला हुंकार

माझी माय एमआरआयच्या मशीनमधून दोनदा पळाली. पळाली म्हणजे काय, उजवा पाय ओढत, सेंटरवाल्यांचा झगा अंगावर तसाच, थेट रिक्षा स्टँडपर्यंत. मणक्यात नस दबलीय, पायातली ताकद चाललीय, पण कुठं दबलीय ते फोटो निघाल्याशिवाय कळणार नाही आणि उशीर झाला तर पाय कायमचा जाईल, असं परभणीच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मायचं उत्तर एकच. "जित्तेपणी मी त्या नळकांड्यात जात नसते."

मी बँकेत काउंटरवर बसते. तिथं लोकांवर ओरडता येत नाही, म्हणून घरी ओरडते. ओरडून झालं, हातापाया पडून झालं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, एका मॅडमकडं संमोहन उपचार करून बघा, भीतीवर गुण येतो.

हे ऐकून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा उतरला. लहानपणी जत्रेत एका जादूगारानं भल्या माणसाला कोंबड्यासारखं आरवायला लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. "ती बाई तुझ्या मायला कोंबडं करंल, अन् घरातलं समदं तोंडातून काढून घेईल," ते म्हणाले.

माय म्हणाली, "तुमचं काय काय हाय ते सांगायला मला संमोहन कशाला लागतंय?"

संमोहनवाल्या मॅडम एका दवाखान्याच्या माडीवर बसायच्या. त्यांनी आधी अण्णांनाच समजावलं. यात कुणाला झोपवत नाहीत, कुणाचा ताबा घेत नाहीत. माणूस जागाच असतो, फक्त लक्ष एका जागी टेकतं आणि बाकीचा गलका मागं पडतो. मनाविरुद्ध कुणाकडून काही करवता येत नाही. भीती, झोप न येणं, जुनाट दुखणं यात मदत होते. दबलेली नस मात्र यानं सुटत नाही, तिथं सर्जनच लागतो. जे होत नाही तेही सांगणारी माणसं मला आवडतात. अण्णांना मात्र मायचं कोंबडं होणार नाही याची खात्री होईना, ते दाराजवळच उभे राहिले.

मायला आरामखुर्चीत बसवलं.

"डोळे मिटा. समुद्राचा किनारा डोळ्यांसमोर आणा."

"हूं."

"गार वारा सुटलाय."

"हूं."

"तुमचे खांदे सैल पडतायत."

"हूं. मंग?"

आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावाच लागतो. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, गोष्ट बंद. मॅडमनी विनवलं, बोलू नका, नुसतं ऐका. माय जरा वेळ गप्प बसली, मग एक डोळा उघडून म्हणाली, "तुमी सांगत ऱ्हावा बाई, मी ऐकायलेय. समुद्र काई म्या पाह्यला न्हाई, येलदरीचं धरण धरलंय."

मी कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हुशार निघाल्या. "बरं, द्या हुंकार. पण दर हुंकाराला श्वास सोडायचा, आणि अंग थोडं ढिलं करायचं." हळूहळू मायचे हुंकार लांबले, खोल गेले. पदर गच्च धरलेली मूठ उघडली. मायचं तोंड इतकं निवांत मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

आता घरी रोज सराव करायचा, म्हणजे रोज सांगणारं कुणीतरी पाहिजे. ते काम अण्णांवर आलं, आणि आंधळा मागतो एक डोळा असं झालं. अण्णा एकदा बोलायला लागले की गावात वीज गेली तरी थांबत नाहीत. त्यांनी सेलूच्या जिनिंगला कापूस नेताना बैल बुजले ती गोष्ट काढली. माय हुंकार देत देत सैल पडायची. दोन दिवसांत अण्णांना वाटलं, विद्या आपल्यालाच आली. पारावर सांगत सुटले, "संमोहन मी बी घालतो."

"अण्णा," मी म्हटलं, "तुमच्या बोलण्यानं गाव आधीपासूनच झोपतंय."

तिसऱ्या खेपेला माय आत गेली. आम्ही काचेबाहेर. मशीन ठोकायला लागलं आणि स्पीकरवर मायचा आवाज आला, "हूं."

"आजी, हलू नका," मशीनवाला माईकवर म्हणाला.

"हलायले न्हाई. ऐकायलेय."

मशीन ठोकत राहिलं आणि माय हुंकार देत राहिली. मधेच मशीन थांबायचं, तरी एखादा "हूं" यायचाच. फोटो स्वच्छ निघाले. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, ऑपरेशन करू, पाय वाचेल. मी तिथंच रडले, आणि चारचौघांत रडू आल्याचा मला रागही आला.

परतताना गाडी मी चालवत होते. विचारलं, "माय, काय म्हणत होतं गं मशीन?"

"अर्थ काई नव्हता. पण मधी मधी थांबत तरी होतं. तुझ्या बापाचं थांबतच न्हाई."

मी खो खो हसले. शेजारी बसलेले अण्णा हसले नाहीत. पोखर्णीचा फाटा गेला तरी त्यांच्या तोंडून शब्द नाही. असं माझ्या जन्मात झालं नव्हतं.

मायनं मागून त्यांच्या खांद्याला बोट लावलं. "बोला की. गप कामून?"

"तुला मशीनच बरं वाटायलंय ना."

"ते गप झालं की मला लय भ्या वाटायचं. वाटायचं, आता आपण एकलेच हाव हितं. मंग मी तुमचे बैल आठवायची, अन् तुमालाच हुंकार द्यायची."

अण्णांनी खिडकीची काच वर केली. मग त्यांनी घसा खाकरला.

"तर बैल बुजले," ते म्हणाले.

"हूं," माय म्हणाली.