मुशीचं तेल आणि होडीतले दिवे

दादा परळच्या एका गिरणीत वायरमन होता. माझगावच्या धक्क्यावर त्याची एक लहान शिडाची होडी असे. जुनी घेऊन त्याने ती स्वतः दुरुस्त केली होती. डावीकडे तांबडा दिवा, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर पांढरा आणि फळीखाली मोटारीची बॅटरी. बॅटरीत पाणी घालणं, तारांच्या जोडांवरचा हिरवा गंज खरवडणं ही कामं माझी. खाऱ्या हवेत हयगय केली की दिवा मेलाच.

बाबा तरुणपणी गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके होते. पुढे गिरणीत दिवस काढले आणि छातीत कापसाची धूळ भरून घेतली. त्या थंडीत त्यांनी एकच गोष्ट मागितली: गावच्या खाडीत एकदा शिडाने शिरायचं. डॉक्टर म्हणाले, नेणार असाल तर आत्ताच न्या.

पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी दादाने बॅटरी भरून आणून बसवली. दिवे तपासले नाहीत. महिनाभर ते बिनतक्रार लागत होते. बाबांना होडीत बसवलं, बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. अंधारात चाचपून काही कळेना.

"कंदील लाव नि चल रे," बाबा म्हणाले. "आमच्या येळेक खंय होती बॅटरी?"

"बाहेर आगबोटी उभ्या आहेत, बाबा. तुमचा कंदील कोणाला दिसायचा? उद्या निघू."

"वायरमन म्हणे!"

तो उद्या आलाच नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, गोळीबार झाला, आमच्या लालबागेत संचारबंदी लागली. ती उठेपर्यंत बाबांना उशीला टेकून बसणंही जमेना.

मग दादा आणि मी होडीवर गेलो. बल्ब काढला तर होल्डरच्या आत पिवळा, चिवट थर. बटणात तोच. मी बोट लावून वास घेतला. मुशीचं तेल, त्या माशाच्या काळजातून काढलेलं. लांबच्या सफरीआधी तांडेल होडीच्या लाकडाला ते चोपडतात, खारं पाणी मुरू नये म्हणून. निघण्याआधीच्या रविवारी बाबा थांबत थांबत एकटे धक्क्यावर गेले होते, ते यासाठी. लाकूड झाल्यावर उरलेलं तेल त्यांनी दिव्यांनाही लावलं होतं, स्क्रू काढून, अगदी आतपर्यंत. वाळून त्याचं रोगण झालं होतं. त्यातून वीज जात नाही.

काचपेपरने घासल्यावर भर दुपारी तिन्ही दिवे लागले. दादाने लगेच बंद केले.

घरी बाबांनी विचारलं, "काय झालेला?"

"बॅटरी उतरली होती," दादा म्हणाला.

"आणि मी लावलेला तेल?"

"त्यानेच तर होडी कोरडी राहिली."

बाबांना बरं वाटलं. नंतर भेटायला येईल त्याला ते सांगत, "झील वायरमन, पण बॅटरी भरूक इसरलो! नायतर मी आज गावाक असतंय." माणसं हसत आणि दादाकडे बघत. दादा चहाचे कप गोळा करी.

शिमग्याच्या आधी बाबा गेले. गिरणीतले सोबती दादाला तरीही बॅटरीवरून टोमणे मारत. मी एकदा म्हटलं, "आता तरी खरं सांग."

"कोणाला?" तो म्हणाला.