नकाशात रिकामं दाखवलेलं मैदान

७ डिसेंबर, रविवार. सकाळपासून मॉडेलवर झाडं चिकटवते आहे. तारेचा तुकडा, त्यावर हिरव्या स्पंजचा गोळा, खाली डिंकाचा थेंब. ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढची मांडणी, गुरुवारी आहे. भोपाळच्या हॉस्टेलमधल्या या टेबलावर राहुरीजवळच्या माझ्या माहेरच्या गावाबाहेरचं मैदान मांडलं आहे आणि त्यावर मी बाग करते आहे.

या खोलीत मी सोळा महिन्यांपूर्वी आले. नगर स्टेशनवर सोडायला नवरा आणि आई आले होते. आईने सोबत नवीन प्लॅस्टिकची बादली आणि मग आणला होता. हॉस्टेलात बादली आपली असावी, एवढंच तिचं शिक्षणाबद्दलचं मत. बाकी ती महिनाभर ऐकवतच होती, "आता काय पाटी-दप्तराचं वय हाय का? नातवंडं खेळवायची सोडून निघाली साळंला." नवऱ्याने बॅगा वर ठेवल्या, साखळीने बांधल्या आणि खाली उतरून खिडकीतून म्हणाला, "दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. मे महिन्याच्या पुढे मी डबा लावणार नाही, दुसरं लग्न लावीन." आई त्याच्यावरच खेकसली. त्या गडबडीत गाडी सुटली. रडायचं राहूनच गेलं.

मी का निघाले हे अजूनही लोक विचारतात. नगरच्या केडगावात, सासरी, बावीस वर्षं मी घरांचे प्लॅन काढले. पुढे दोन गाळे, मागे टू बीएचके, जिना बाहेरून, देवघर ईशान्येला. प्रत्येक मालक घराचं जोतं शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच मागायचा आणि मी द्यायचे. एका पावसाळ्यात मीच प्लॅन काढलेल्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. तेव्हा लक्षात आलं, शेकडो घरं काढली, गल्ली एकही काढली नाही. मुलगी नोकरीला लागली त्या वर्षी मी अर्बन डिझाइनला अर्ज केला.

वर्गातली मुलं तेवीस-चोवीसची. पहिला महिना मला 'मॅम' म्हणायची, मग 'दीदी'. त्यांनी मला सॉफ्टवेअर शिकवलं, मी त्यांना संडासाच्या टाकीला उतार किती द्यायचा ते शिकवलं. तिकडे घराला घर म्हणायचे, इथे 'बिल्ट फॉर्म' म्हणते. बाजाराला 'अ‍ॅक्टिव्ह एज' म्हणते. घरी फोनवर मध्येच "एकदम सही" निघून जातं. नवरा विचारतो, "मराठीसाठी कितीचं बटण दाबायचं?"

या सत्राला ज्याचा त्याने आपला प्रदेश निवडायचा होता. मी माहेरच्या गावाबाहेरचा साखर कारखान्याचा रस्ता घेतला. मे महिन्यात सुट्टीत गेले आणि मोजणी केली. टेपचं दुसरं टोक दादाने, माझ्या मोठ्या भावाने, धरलं. रस्त्यालगत पंचायतीचं मोठं मैदान आहे. ऊन तापलेलं, चिटपाखरू नाही. नकाशात मी ते रिकामी जागा म्हणून दाखवलं आणि तिथे बाग, चालायचा ट्रॅक आणि वाचनालय काढलं. पहिल्या चर्चेत सरांनी विचारलं, "पहले यहाँ क्या था?" मी म्हणाले, "कुछ नहीं, सर."

सगळ्यांना आवडलं. दादाला तर इतकं आवडलं की त्याने ते सरपंचांना दाखवलं. बुधवारच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. आधी कुंपण, मग जमेल तशी बाग.

आज दुपारी झाडं लावता लावता आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ती कडूबाई इचारीत हुती, मैदानाला कुंपन पडनार म्हनत्यात ते खरं हाय का? पुढल्या साली आमी उतरायचं कुठं?"

माझ्या हातात झाड तसंच राहिलं.

कडूबाई पाथर्डीकडची. तिचे आईबाप ऊसतोडीला आमच्या भागात यायचे, आता ती आणि तिचा नवरा येतात. दिवाळीच्या आगेमागे त्या मैदानावर कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात, बैलगाड्या लागतात, पाण्याला बाया आमच्या विहिरीवर येतात. उन्हाळा लागला की कोप्या मोडतात. कडूबाई माझ्या वयाची. लहानपणी आम्ही त्याच मैदानावर गजगे खेळलो. हे सगळं मला माहीत होतं. तरी टेप घेऊन उभी राहिले तेव्हा आठवलं नाही.

का आठवलं नाही, हेही मला ठाऊक आहे. आमच्या घरात त्यांना 'टोळी' म्हणायचे. टोळी आली, टोळी गेली. थंडी आली, थंडी गेली म्हणावं तसं. बागाईतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला ती माणसं हंगामात मोजायची सवय असते, गावात नाही. दादाही टेपचं टोक धरून तासभर उभा होता. त्यालाही काही वाटलं नाही.

आई पुढे सांगत होती, "लई फटकळ हाय ती. म्हनली, शोभाताईला म्हनाव आमच्या कोप्यांना चाकं लावून द्या, म्हंजी तुमच्या बागंला अडचन न्हाई."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार? पानी भर म्हनलं."

फोन ठेवल्यावर मी कागदावर हिशेब केला. कडूबाई सहा वर्षांची असल्यापासून येते, वर्षाला पाच महिने, चाळीस हंगाम. म्हणजे दोनशे महिने, सोळा-सतरा वर्षं झाली. मी लग्न होऊन गेले ती अठराव्या वर्षी नाही, पण शिकायला घर सोडलं ते अठराव्या वर्षीच. म्हणजे त्या गावात माझा आणि तिचा मुक्काम जवळजवळ सारखाच भरतो. मी त्याला माहेर म्हणते. तिच्या जागेला मी नकाशात नावसुद्धा दिलं नाही.

मीही सोळा महिने एका खोलीत उतरलेलीच आहे. पण केडगावच्या घरात माझं टेबल जागेवर आहे, ते रिकामं आहे म्हणून कुणी तिथे फ्रीज ठेवलेला नाही. आता घर कशाला म्हणायचं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: आपण नसताना आपली जागा राखलेली असते ते.

गुरुवारपर्यंत नवी मोजणी आणि नवा नकाशा होणं शक्य नाही, आणि प्रकल्प मागे घेतला तर सत्र पुन्हा करावं लागणार. मे जाऊन डिसेंबर उजाडणार. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने एकेक महिना मोठ्याने मोजला. मग म्हणाला, "डबेवालीला डिसेंबरपर्यंत सांगून ठेवतो." दादा मात्र भडकला. "सरपंचाला आता काय सांगू?"

"सांग, बहिणीची मोजणी चुकली."

"तुझ्या चुकीपायी माझी शोभा!"

"होऊ दे. ठराव थांबव."

त्याने फोन आपटला. तासाभराने आईचा निरोप आला की तो सरपंचांकडे गेला आहे.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी साडेनऊला विभागात जाऊन सत्र पुन्हा करण्याचा अर्ज दिला. सरांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "सर, वहाँ लोग रहते हैं।" त्यांनी सही केली. बाहेर येऊन आईला फोन लावला. कडूबाई विहिरीवरच होती, आईने तिच्या हातात फोन दिला. मी वही उघडली आणि विचारलं, एका कोपीला जागा किती लागते, गाडी वळायला किती, बैल कुठे बांधता?

"शोभाताई," ती म्हणाली, "फोनवर कुठं जागा मोजत्यात व्हय? या की हिकडं. टेपाचं टोक मी धरते."

मी वही मिटली आणि नगरचं तिकीट काढलं.