जाड कागदाचं कव्हर

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून पुस्तक नेलं की हे गृहस्थ आधी त्याला कव्हर घालतात. इथल्या स्टील प्लांटमधून साहेब म्हणून रिटायर झालेत. कडा फूटपट्टीने दुमडतात आणि आमच्या हातांकडे असे बघतात, जणू आम्ही वरणभात कालवून तसेच आलोय.

परवा स्वीडनची एक रहस्यकादंबरी परत आणली. लहानपणी हरवलेली मुलगी, वीस वर्षांनी पुन्हा सुरू झालेला तपास. डोळे पुसत म्हणाले, "तिची माय वाट पाहून राहिली, अन् गावात कोणाले काई वाटत नाई! माणसं हायेत का दगड?" मग माणुसकीवर अर्धा तास ऐकवलं.

ते गेल्यावर मी कव्हर काढलं. आतल्या बाजूला दोन वेण्यांची पोर हसत होती, वर मोठ्या अक्षरांत 'गुमशुदा की तलाश'. जवळच्या कोहका वस्तीतल्या एका बाईनं गेल्या महिन्यात हात जोडून दिलेलं हे पोस्टर. मंडळाच्या फलकावर लावतो म्हणून यांनीच तिच्याकडून घेतलं होतं.

घडी मात्र फूटपट्टीनेच घातलेली, बरोबर तिच्या आईच्या फोन नंबरावरून.