आमच्या नमनातला चिनी सेनापती

घरातला पहिलाच कॉलेजात गेलो म्हणून लिहायचा अधिकार मिळतो असं नाही, हे मला कळतं. चुकलंमाकलं तर माफ करा. पण गावच्या नमनाच्या खेळात चिनी सेनापती मीच आणला, तेव्हा सांगायलाही मीच हवा.

आमचं गाव रत्नागिरीकडे, पालीच्या पुढे. त्या सेनापतीबद्दल मी इतिहासाच्या तासाला ऐकलं. उत्तरेकडच्या नव्या घराण्याने चीन जिंकला, राजा ब्रह्मदेशात पळाला, आणि हा मात्र सरहद्दीवरच्या जंगलात त्याच राजासाठी लढत राहिला. मला तो फार आवडला. यंदाच्या नमनाचं वगनाट्य मी त्याच्यावरच लिहिलं. ब्रह्मदेशाचा राजा एकेकाळी रत्नागिरीत कैदेत होता, त्यामुळे ब्रह्मदेश कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "झकास! फक्त शेवटी राजा जिंकला पायजे."

"काका, पण तो खरंच मेला हो."

"चीनमधून कोण विचारायला येणार हाय? मानसं रजा टाकून येतात, ती काय रडायला?"

म्हणजे राजा जिंकणार, हे मुंबईत ठरलं.

नमनात आधी गण, मग गवळण. त्यामुळे चीनमध्ये बराच वेळ कृष्णच गौळणींची वाट अडवत होता. सेनापतीला भाड्याने मावळ्याचा पोशाख मिळाला. सरदार एकामागून एक शत्रूला मिळतात, तो प्रवेश मात्र तालमीशिवाय जमला. नुकताच तिसरा पक्ष धरलेल्या सरपंचांनी त्याला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सेनापती झाले होते गावचे मानकरी. दरवर्षी देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात. शेवटच्या प्रवेशात ते संवाद विसरले आणि सवयीने हात जोडून सुरू झाले, "आमच्या राजाला सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं पटांगण ओरडलं.

"घरी परत आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जासूद मीच होतो. 'राजे जिंकले' एवढंच मला म्हणायचं होतं. समोर अध्यक्ष मोबाईल वर धरून शूटिंग करत होते. पण माझं लक्ष जोडलेल्या त्या हातांकडेच होतं. जंगलात तो खरा सेनापतीही असाच उभा असणार, आणि त्याला तरी कुणी खोटं सांगितलं नव्हतं.

"बोल की रे," मानकरी कुजबुजले, "येतोय ना राजा?"

"नाही, सेनापती. ब्रह्मदेशाने त्यांना धरून शत्रूच्या हाती दिलं. आपल्याच एका जुन्या सरदाराने धनुष्याच्या दोरीने त्यांचा गळा आवळला."